हरलेल्या पक्षाकडे मतदार परत येतो का?

प्रश्न : आम्ही मूळचे सातारा जिल्ह्यातले. पतीच्या सैन्यातल्या नोकरीमुळे सध्या झाशीजवळच्या बबीना छावणीत राहतो. इथे बाजारात किंवा मुलांच्या शाळेबाहेर राजकारणाचा विषय निघाला की एकच वाक्य कानावर पडतं, "इथे दुसरा पक्ष आहेच कुठे?" निवडणूक आली की विरोधकांची पोस्टरं दिसतात आणि निकाल लागला की माणसं दिसेनाशी होतात. महाराष्ट्रातही नातेवाईक हेच बोलताना ऐकते. सतत हरणाऱ्या पक्षाकडे मतदार खरंच परत येतो का? येत असेल तर कशामुळे?
– एक वाचक भगिनी, बबीना (जि. झाशी)

उत्तर : परत येतो. त्याचे दाखले तुम्ही राहता त्या झाशी मतदारसंघातच भरपूर आहेत. पण ज्या पक्षाला तो परत हवा आहे, त्याने निकालाच्या दुसऱ्या दिवशी कामाला लागावे लागते, आणि बहुतेक पक्षांचे घोडे तिथेच अडते. तुमच्या पत्रात एका प्रश्नाच्या पोटात अनेक प्रश्न आहेत. ते एकेक करून घेऊ.

झाशीचा मतदार कुणाचा कायमचा झाला आहे का?

नाही. झाशी लोकसभा मतदारसंघात बबीना, झाशी नगर, मऊरानीपूर, ललितपूर आणि महरौनी हे पाच विधानसभा मतदारसंघ येतात. या मतदारसंघाने गेल्या सत्तर वर्षांत अनेक पक्षांना डोक्यावर घेतले आणि खालीही उतरवले.

सुरुवात काँग्रेसपासून झाली आणि तिच्यात मराठी माणसांचा वाटा मोठा होता. झाशीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घराण्यांतले रघुनाथ विनायक धुळेकर संविधान सभेचे सदस्य होते. १९५२ मध्ये ते झाशीतून लोकसभेवर गेले आणि पुढे उत्तर प्रदेश विधान परिषदेचे सभापती झाले. याच जिल्ह्यातले आत्माराम गोविंद खेर उत्तर प्रदेश विधानसभेचे अध्यक्ष होते. राज्याच्या दोन्ही सभागृहांच्या अध्यक्षासनावर झाशीच्या मराठी घरांतली माणसे बसली, हे महाराष्ट्रात फारसे कुणाला ठाऊक नसते.

त्यानंतर १९५७, १९६२ आणि १९६७ अशा तीन निवडणुका काँग्रेसच्या डॉ. सुशीला नय्यर यांनी जिंकल्या. सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय १९६९ मध्ये उभे करणाऱ्या त्या याच. १९७७ मध्ये त्या काँग्रेस सोडून जनता पक्षाच्या बाजूने लढल्या आणि झाशीने पुन्हा त्यांनाच निवडून दिले. १९८० आणि १९८४ मध्ये मतदार काँग्रेसकडे परतला. १९८९ पासून १९९८ पर्यंतच्या चारही निवडणुका भाजपच्या राजेंद्र अग्निहोत्री यांनी जिंकल्या. १९९९ मध्ये काँग्रेसचे सुजानसिंह बुंदेला आले, २००४ मध्ये समाजवादी पक्षाचे चंद्रपालसिंह यादव आणि २००९ मध्ये काँग्रेसचे प्रदीप जैन आदित्य. २०१४ मध्ये उमा भारती आणि २०१९ व २०२४ मध्ये अनुराग शर्मा असा भाजपने सलग तीन वेळा विजय मिळवला.

आज भाजपचा बालेकिल्ला म्हणवणाऱ्या या जागेवर तोच पक्ष १९९९, २००४ आणि २००९ अशा तीन निवडणुका ओळीने हरला होता. त्या काळात झाशीत "भाजप संपला" म्हणणारे नक्कीच भेटले असते. पण २०१२ च्या विधानसभा निवडणुकीत राज्यभर समाजवादी पक्षाची लाट असताना झाशी शहराची जागा भाजपच्या रवी शर्मांनी जिंकली. दोन वर्षांनी लोकसभेची जागाही आली. आधी शहर, मग लोकसभा मतदारसंघ, अशा पायऱ्यांनी तो पक्ष परत आला.

बबीनाचेही तसेच आहे. त्याच २०१२ च्या लाटेत इथून बहुजन समाज पक्षाचे कृष्णपालसिंह राजपूत आमदार झाले. २०१७ आणि २०२२ मध्ये भाजपचे राजीवसिंह पारिछा निवडून आले आणि समाजवादी पक्ष दुसऱ्या क्रमांकावर राहिला. म्हणजे आज बाजारात जे लोक "दुसरा पक्ष आहेच कुठे" म्हणतात, त्यांच्यातल्या अनेकांनी फार लांबच्या नव्हे, अलीकडच्याच काळात दुसऱ्या पक्षाला मत दिलेले आहे.

मग पक्षाला गळती कशी लागते?

आधी कार्यकर्ता जातो, मग गावातला वजनदार माणूस जातो आणि मतदार सगळ्यांत शेवटी जातो. पक्षाचे नेते मात्र मतदार गेल्यावरच जागे होतात.

झाशीतल्या काँग्रेसचे पाहा. २००९ मध्ये प्रदीप जैन आदित्य जिंकले आणि केंद्रात ग्रामीण विकास खात्याचे राज्यमंत्री झाले. त्याच वर्षी केंद्र सरकारने उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेशातल्या बुंदेलखंडासाठी ७,२६६ कोटी रुपयांचे पॅकेज मंजूर केले. दुष्काळाने पिचलेल्या भागासाठी ही मोठी रक्कम होती, आणि खासदार तर याच भागातले मंत्री. तरीही २०१४ मध्ये त्यांना लाखभर मतेही पडली नाहीत. ते चौथ्या क्रमांकावर फेकले गेले.

देशभरातली लाट हे कारण आहेच, पण ते पुरेसे नाही. लाटेतही जुना पक्ष दुसऱ्या क्रमांकावर टिकू शकतो. पॅकेजचा पैसा सरकारी खात्यांतून खर्च झाला. विहीर कुणाच्या शेतात खोदायची, बंधारा कुठे बांधायचा, मंडी कुठे उभी करायची, हे ठरवताना गावात काँग्रेसचा माणूस बसलेला नव्हता. मग ते काम आपल्यासाठी कुणी केले हे गावाला कळणार कसे? बांधलेल्या मंड्या पुढे वापराविना पडून राहिल्या, तेव्हा तक्रार ऐकायलाही कुणी नव्हते. सरकार पैसा देते आणि पक्ष त्या पैशाशी माणूस जोडतो. जोडणारा नसेल तर कितीही मोठे पॅकेज मतपेटीपर्यंत पोहोचत नाही.

बहुजन समाज पक्षाची घसरण याहून अधिक चटका लावणारी आहे. कांशीराम यांनी गावोगाव फिरून, सरकारी नोकरीतल्या बहुजन कर्मचाऱ्यांना संघटित करून हा पक्ष उभा केला. २००७ मध्ये उत्तर प्रदेशात त्याला २०६ जागा आणि ३० टक्क्यांहून अधिक मते मिळाली. २०२२ मध्ये एकच आमदार निवडून आला आणि मते १३ टक्क्यांच्या आसपास राहिली. २०२४ च्या लोकसभेत राज्यातली एकही जागा मिळाली नाही आणि मते ९ टक्क्यांवर आली. ज्या संघटनेच्या बळावर पक्ष वाढला ती झिजली. जुने सहकारी एकेक करून बाहेर पडले. रस्त्यावरच्या आंदोलनात पक्ष दिसेनासा झाला. दलितांवरच्या अन्यायाच्या घटनेनंतर पहिला माणूस कुणाचा पोहोचतो, याकडे त्या वस्तीचे बारीक लक्ष असते. तिथे पोहोचणे थांबले की निष्ठा किती दिवस टिकेल?

२०२४ मध्ये काय बदलले?

लोकसभेच्या या निवडणुकीत बुंदेलखंडात जे घडले त्याचा प्रत्येक विरोधी पक्षाने अभ्यास करायला हवा. उत्तर प्रदेशातल्या बुंदेलखंडात झाशी, जालौन, हमीरपूर आणि बांदा अशा चार जागा आहेत. २०१४ आणि २०१९ मध्ये चारही भाजपने जिंकल्या होत्या. २०२४ मध्ये जालौन, हमीरपूर आणि बांदा या तीन जागा समाजवादी पक्षाने घेतल्या. झाशी तेवढी भाजपकडे राहिली.

झाशीचे आकडे पाहा. २०१९ मध्ये अनुराग शर्मांना सुमारे ८ लाख ९ हजार मते होती. समाजवादी पक्षाच्या उमेदवाराला सुमारे ४ लाख ४३ हजार मते मिळाली, तीही बहुजन समाज पक्षाशी युती असताना. फरक साडेतीन लाखांहून अधिक होता. २०२४ मध्ये शर्मांची मते सुमारे ६ लाख ९० हजारांवर आली. समोर समाजवादी पक्षाच्या पाठिंब्यावर लढणारे काँग्रेसचे प्रदीप जैन आदित्य होते आणि त्यांना सुमारे ५ लाख ८७ हजार मते पडली. फरक लाखाच्या जवळ आला. दहा वर्षे आधी, २०१४ मध्ये लाखालाही न पोहोचलेला उमेदवार पावणेसहा लाखांच्या पुढे गेला, आणि या वेळी बहुजन समाज पक्ष वेगळा लढत होता. म्हणजे मतदार खरोखर हलला.

तो तीन गोष्टींनी हलला. पहिली गोष्ट उमेदवारीची. समाजवादी पक्षावर वर्षानुवर्षे एक आक्षेप होता की तो यादव आणि मुस्लिम समाजांपुरता पक्ष आहे. २०२४ मध्ये पक्षाने मागास, दलित आणि अल्पसंख्याक अशी मोट बांधली आणि ती तिकिटांमध्ये दाखवून दिली. राज्यभर यादव उमेदवार पाचच दिले. हमीरपूरला लोधी समाजाचे अजेंद्रसिंह, बांद्याला कृष्णादेवी पटेल, जालौनला नारायणदास अहिरवार. लोधी हा भाजपचा भरवशाचा मतदार मानला जातो. हमीरपूरची जागा तीन हजारांहून कमी मतांनी आली, हे लक्षात घेतले की एका योग्य तिकिटाचे वजन कळते. दुरावलेल्या समाजाला भाषणातल्या आश्वासनापेक्षा उमेदवारांच्या यादीतले आपले नाव जास्त पटते.

दुसरी गोष्ट मुद्द्यांची. फेब्रुवारी २०२४ मध्ये उत्तर प्रदेश पोलीस भरतीची परीक्षा पेपरफुटीमुळे रद्द झाली. लाखो तरुणांचे आणि त्यांच्या आईवडिलांचे वर्ष त्यात गेले. मोकाट जनावरांनी पिके खाणे, ज्याला तिथे अन्ना प्रथा म्हणतात, हे बुंदेलखंडातल्या शेतकऱ्याचे जुने दुखणे आहे. भाजपच्या "चारशे पार"च्या घोषणेमुळे संविधान बदलले जाईल ही धास्ती दलित वस्त्यांमध्ये पसरली. हे प्रश्न दिल्लीत बसून सुचलेले नव्हते. लोक ज्याबद्दल आधीपासून बोलत होते तेच विरोधकांनी उचलले.

तिसरी गोष्ट एकजुटीची. समाजवादी पक्ष आणि काँग्रेस एकत्र लढल्याने त्यांची मते फुटली नाहीत आणि मित्रपक्षाचा मतदार मित्रपक्षाच्या चिन्हाकडे वळला.

मग झाशी का राहिली? माझे मत असे. बाकी तीन ठिकाणी लढणाऱ्या पक्षाची गावपातळीवर स्वतःची यंत्रणा होती. झाशीत काँग्रेस लढली ती बरीचशी मित्राच्या यंत्रणेवर. त्याच्या दोन वर्षे आधी, २०२२ च्या विधानसभेत, काँग्रेसला राज्यभर दोन जागा आणि अडीच टक्क्यांहून कमी मते मिळाली होती. एवढ्या कमी वेळात मतदान केंद्रावर बसणारा स्वतःचा माणूस तयार होत नाही. युतीने पक्षाला विजयाच्या जवळ आणून सोडले. शेवटचे लाखभर मतांचे अंतर स्वतःच्या पायांनी तोडायचे होते.

रेशन आणि रोख पैशांपुढे विरोधक काय देणार?

हा प्रश्न आज प्रत्येक राज्यात विचारला जातो. केंद्र सरकार देशातल्या सुमारे ८० कोटी लोकांना दरमहा ५ किलो धान्य मोफत देते आणि जानेवारी २०२४ पासून ही योजना पाच वर्षांसाठी वाढवली आहे. उत्तर प्रदेशात गरीब मतदार भाजपच्या मागे उभा राहण्यात या धान्याचा मोठा वाटा आहे. काँग्रेसने उत्तर म्हणून ५ ऐवजी १० किलो धान्याचे आश्वासन दिले. मल्लिकार्जुन खरगे यांनी ते लखनौमध्ये १५ मे २०२४ रोजी जाहीर केले आणि झाशीत मतदान २० मे रोजी होते. पाच दिवसांत हे आश्वासन बबीनाच्या गावागावांत पोहोचणार कसे? पोहोचले तरी त्यावर विश्वास कोण ठेवणार? जो पक्ष आज हातात धान्य देतो आहे त्याच्यापुढे, उद्या दुप्पट देऊ म्हणणारा पक्ष नेहमी उणाच ठरतो.

विरोधी पक्षाला इथे दुसरे काम आहे आणि ते सत्तेविना करता येते. रेशनकार्डावरून कुणाचे नाव कटले, अंगठ्याचा ठसा जुळत नाही म्हणून कोण परत गेले, विधवेची पेन्शन कुठल्या टेबलावर अडली, पाइप आला पण नळाला पाणी आले का, हे शोधून तहसील कचेरीत पाठपुरावा करणे. झाशीत फेब्रुवारी २०१९ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते बुंदेलखंडातल्या नळपाणी योजनेची पायाभरणी झाली. आज कोणत्या गावात पाणी येते आणि कोणत्या गावात नळ कोरडा आहे, याची गाववार यादी ज्या विरोधी पक्षाकडे असेल त्याला भाषण करायची गरजच पडणार नाही. योजना सरकारची असते, पण ती मिळवून देणारा माणूस विरोधी पक्षाचा असू शकतो, आणि लोक त्या माणसाला विसरत नाहीत.

बबीनासारख्या ठिकाणी काम कुठून सुरू करायचे?

मतदार यादीपासून. बुंदेलखंडातून दरवर्षी हजारो कुटुंबे मजुरीसाठी दिल्ली, गुजरात आणि इतरत्र जातात. घराला कुलूप असताना पडताळणी झाली की नाव गळण्याचा धोका असतो. २०२५ च्या अखेरीस उत्तर प्रदेशात मतदार यादीची विशेष सखोल फेरतपासणी सुरू झाली. अशा वेळी प्रत्येक केंद्रासाठी पक्षाला आपला प्रतिनिधी नेमता येतो. तो प्रतिनिधी गावातलाच असेल, तर कोण सुरतला आहे आणि कधी परत येणार हे त्याला माहीत असते. यादीच्या एकेका पानाची जबाबदारी एकेका कार्यकर्त्यावर देण्याची भाजपची पन्नाप्रमुखांची पद्धत यशस्वी झाली, कारण एका माणसाला सांभाळता येतील एवढीच घरे त्याच्या वाट्याला येतात. ही पद्धत कुणाच्या मालकीची नाही. राज्यात दीड लाखाहून अधिक मतदान केंद्रे आहेत, हे ऐकून छोट्या पक्षाची छाती दडपते. पण एका विधानसभा मतदारसंघापुरते पाहिले तर केंद्रागणिक एक प्रतिनिधी नेमणे हे काही शे माणसांचे काम आहे.

दुसरे म्हणजे, ज्या प्रश्नावर बोलायला कुणी नाही तो प्रश्न घ्यावा. छावणीत राहत असल्याने तुम्हाला एक गोष्ट जवळून दिसत असेल. छावणी भागाचा नागरी कारभार संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या छावणी मंडळाकडे असतो. देशातल्या ५७ छावणी मंडळांच्या निवडणुका ३० एप्रिल २०२३ रोजी होणार होत्या, त्या मार्चमध्ये रद्द करण्यात आल्या. त्यामुळे गटार, घरपट्टी, दुकानाचा परवाना यांसारख्या रोजच्या गोष्टींसाठी लोकांना विचारायला आपला निवडून दिलेला माणूस राहिला नाही. या निवडणुका घ्या ही मागणी कोणताही पक्ष कोणत्याही विचारसरणीचा असला तरी लावून धरू शकतो. फायरिंग रेंजलगतच्या गावांचे सुरक्षेचे आणि जमिनीचे प्रश्न आहेत. झाशी जिल्ह्यातल्या ३३ गावांच्या जमिनीवर बुंदेलखंड औद्योगिक विकास प्राधिकरणाचे नवे औद्योगिक शहर उभे राहायचे आहे. तिथल्या शेतकऱ्याला मोबदल्याचा हिशेब समजावून सांगणारा, त्याच्या मुलाला तिथे कोणते काम मिळेल याची लेखी हमी मागणारा पक्ष हवा आहे. २०२२ पासून अग्निपथ योजनेत चार वर्षांनंतर चौघांतल्या एकालाच सैन्यात कायम ठेवण्याची तरतूद आहे. पहाटे रस्त्यावर धावण्याचा सराव करणाऱ्या बबीनाच्या मुलांसाठी हा पोटापाण्याचा प्रश्न आहे. उरलेल्या तिघांचे पुढे काय, याचे नेमके उत्तर घेऊन त्या मुलांपुढे कुणीतरी उभे राहिले पाहिजे.

तिसरे म्हणजे, उमेदवार लवकर ठरवावा. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी राजधानीतून येणारे तिकीट स्थानिक कार्यकर्त्याचा जीव घेते. उत्तर प्रदेशात विधानसभेची निवडणूक २०२७ च्या सुरुवातीला व्हायची आहे. बबीनातून कोण लढणार हे मतदाराला वर्षभर आधी कळायला हवे, आणि ते वर्ष त्या माणसाने गावांत काढायला हवे.

नेता जाऊन उभा राहिला तर पक्ष उभा राहत नाही का?

कधीकधी राहतो. मे १९७७ मध्ये बिहारमधल्या बेलछी गावात दलितांचे हत्याकांड झाले. त्याच वर्षी मार्चमध्ये इंदिरा गांधी सत्ता आणि स्वतःची रायबरेलीची जागा दोन्ही गमावून बसल्या होत्या. ऑगस्टच्या पावसात गाडी जाईना, तेव्हा त्या हत्तीवर बसून बेलछीला गेल्या. सत्तेवर असलेले जिथे पोहोचले नव्हते तिथे हरलेल्या नेत्या पोहोचल्या. १९८० मध्ये काँग्रेस ३५३ जागा घेऊन परतली. तेव्हा जनता पक्षातल्या भांडणांनीही त्यांना मोठा हात दिला.

पण तेव्हा काँग्रेसची संघटना गावोगाव होती. नेत्याने ठिणगी टाकली आणि खाली सरपण तयार होते. आज बहुतेक विरोधी पक्षांकडे ते सरपण नाही. त्यांनी भाजपचाच दुसरा धडा वाचावा. १९८४ मध्ये त्या पक्षाचे लोकसभेत दोन खासदार होते. १९८९ मध्ये ८५ झाले, १९९१ मध्ये १२०, १९९६ मध्ये १६१. यामागे राममंदिराचे आंदोलन होते, काँग्रेसवरचा रोष होता आणि संघाच्या शाखांमधून आलेला, निवडणूक नसतानाही रोज भेटणारा कार्यकर्ता होता. विचार पटो न पटो, ही चिकाटी मानावी लागते.

मतदार परत आला की काम संपले का?

इथे महाराष्ट्राचे उदाहरण डोळे उघडणारे आहे. जून २०२४ मध्ये लागलेल्या लोकसभेच्या निकालात महाविकास आघाडीने ४८ पैकी ३० जागा जिंकल्या. २०१९ मध्ये राज्यात एकच खासदार असलेल्या काँग्रेसचे १३ खासदार झाले. कांदा आणि सोयाबीनच्या भावाने रडकुंडीला आलेला शेतकरी, संविधानाच्या काळजीने एकवटलेला दलित मतदार आणि पक्षफुटीने चिडलेला मतदार एकत्र आला होता. सहा महिन्यांच्या आत, २३ नोव्हेंबरला, विधानसभेचा निकाल लागला. महायुतीला २३० जागा मिळाल्या. शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे), काँग्रेस आणि राष्ट्रवादी (शरदचंद्र पवार) या तिघांना मिळून ४६.

मधल्या काळात सरकारने लाडकी बहीण योजना आणली आणि महिलांच्या खात्यात दरमहा १,५०० रुपये जमा होऊ लागले. सत्ताधारी कामाला लागले होते, तेव्हा विरोधकांचा वेळ जागावाटपाच्या आणि मुख्यमंत्री कोण होणार याच्या वादात जात होता. लोकसभेला मिळालेले मत सरकारवरच्या रागाचे होते. त्या रागाचे रूपांतर विश्वासात करायला त्यांना पाच महिने मिळाले होते आणि ते वाया गेले.

पुण्यातल्या कसब्याची गोष्टही तशीच आहे. १९९५ पासून भाजपकडे असलेली ही जागा फेब्रुवारी २०२३ च्या पोटनिवडणुकीत काँग्रेसच्या रवींद्र धंगेकर यांनी जिंकली. प्रभागात रोज दिसणारा, लोकांच्या कामाला धावणारा उमेदवार आणि एकदिलाने राबलेली आघाडी यांचा तो विजय होता. पुढच्याच वर्षी विधानसभेला त्याच मतदारांनी भाजपच्या हेमंत रासने यांना निवडून दिले, आणि २०२५ मध्ये धंगेकर एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेत गेले. मते माणसाभोवती गोळा झाली होती; आधी मते गेली, मग माणूसही गेला. विजयाच्या दिवसापासून पक्षाने कसब्यात गल्लोगल्ली आपली माणसे उभी केली असती, तर उमेदवार गेल्यावरही पक्ष मागे उरला असता.

ही चिंता आपण का करावी?

कारण विरोधी पक्ष दुबळा झाला की नुकसान मतदाराचे होते, मग तो कोणत्याही पक्षाचा असो. ज्या मतदारसंघाचा निकाल आधीच ठरलेला असतो तिथे सत्ताधारी पक्षालाही चांगला उमेदवार देण्याची, रस्ता वेळेत करण्याची निकड उरत नाही. बबीनाच्या मतदाराला भाजपचे काम आवडत असेल तर त्याने भाजपलाच मत द्यावे. पण उद्या ते आवडेनासे झाले तर जायला दुसरे दार उघडे असले पाहिजे. ते दार उघडे ठेवणे हे विरोधी पक्षाचे लोकशाहीतले कर्तव्य आहे. जो पक्ष हरल्यावर घरी बसतो, मतदानयंत्रांना दोष देतो, मतदाराला भोळा किंवा विकला गेलेला म्हणतो, तो हे कर्तव्य टाळतो. मतदाराचा अपमान करून मतदार परत आल्याचे एकही उदाहरण मला माहीत नाही.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे. मतदार परत येतो, जेव्हा पक्ष पराभवाचे खरे कारण केंद्रवार शोधतो, दुरावलेल्या समाजांना तिकिटात आणि पदांत जागा देतो, लोकांच्या रोजच्या अडचणीत सत्तेविना उपयोगी पडतो, मित्रपक्षांशी वेळेवर जमवून घेतो आणि मिळालेले मत टिकवायला दुसऱ्याच दिवशी निघतो. यातली कोणतीही एक गोष्ट एकटी पुरत नाही. झाशीत युती होती, संघटना कमी पडली. महाराष्ट्रात राग होता, त्याच्या मागे काम उभे राहिले नाही.

जाता जाता तुमच्या स्वतःच्या मताविषयी. सैन्यातल्या नोकरदाराला आपल्या मूळ गावी सेवा मतदार म्हणून नाव नोंदवता येते आणि टपाली मतपत्रिकेने मत देता येते. त्याच्याबरोबर राहणाऱ्या पत्नीलाही ही सोय आहे. २०२१ च्या कायदादुरुस्तीनंतर महिला सैनिकांच्या पतींनाही ती मिळाली. साताऱ्याच्या यादीत तुमचे नाव आहे की नाही, हे या आठवड्यातच पाहून घ्या. आणि पुढच्या निवडणुकीत कोणत्याही पक्षाचा माणूस दारात आला, तर शेजारणींना एवढेच विचारायला सांगा : मागचा निकाल लागल्यानंतर तुम्ही या गावात कितीदा आला होता? उत्तर ऐका आणि मग ठरवा.